नवव्यावरचा छर्रा

— नाही नाही, तसं नाही, आधी बसा, मग कुशीवर, मग पाठ. एकदम पाठीवर पडायचं नाही, वॉर्डात सांगितलं नाही का कुणी? सांगितलं असेल, तुमचं लक्ष नसेल. हां, असं. माझा दंड धरा, जोरात धरा, लाजू नका. पाय मी वर घेतो. झालं. मध्येच टोचतंय ना काहीतरी? तो छर्रा. मघाशी तुमच्या पाठीला चिकटपट्टीनं लावला तोच. शिशाचा आहे, हवेच्या बंदुकीत घालतात तसला, फोटोत पांढराशुभ्र ठिपका येतो. उद्या डॉक्टरांना पाठ उघडायची आहे, तर नेमकी कुठे उघडायची ते कळायला नको का? बाहेरून सगळे मणके सारखेच. म्हणून ही खूण. आता एकच करायचं, ताई — बोलायचं नाही. बोललं की माणूस हलतं, हललं की फोटो पुसट, पुसट आला की पुन्हा पहिल्यापासून. बोलायचं काम माझं. मी बोललो तर चालतं, माझा कुठे फोटो निघतोय?

मी आता या काचेमागे जातोय. इथून तुम्ही मला दिसता, मी तुम्हाला दिसत नाही, पण आवाज येतो. येतो ना? मान नका हलवू, बोट हलवा. हां. टेबल गार लागतंय, माहीत आहे, सगळेच म्हणतात. एकदा दया येऊन मी खाली जाड चादर घातली होती, तर चादरीच्या घडीची रेघ फोटोत उमटली आणि डॉक्टर विचारायला लागले, हे हाड कधी मोडलं. तेव्हापासून कानाला खडा. घ्या श्वास. मोठा घ्या. रोखा — रोखा, रोखा, रोखा — सोडा. बघा, संपलं. छान रोखता हो तुम्ही. बेकरीत आहात ना? कागदावर लिहिलंय. भट्टीचं दार उघडताना रोखत असाल. आणि पाठ दुखायला लागली तेव्हा वाटलं असेल, उभं राहून दुखतेय, मैद्याची पोती ओढून दुखतेय — किती, आठ महिने? सगळ्यांना असंच वाटतं. पाच वर्षांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, केस आले, घरच्यांनी हुश्श केलं — आणि ते आपलं गुपचूप येऊन पाठीच्या मणक्यात बसलं. हे मी म्हणत नाहीये, कागद म्हणतोय. मी म्हणणारा कोण. मी फोटो काढतो.

फोटो काढायचा, वाचायचा नाही. आमचा नियम आहे हा. कुठे लिहून लावलेला नाही, पण भिंतीपेक्षा पक्का. तेहतीस वर्षं मी या खोलीत आहे, ताई. मोडलेलं हाड डॉक्टरांच्या आधी मला दिसतं, पाणी भरलेली छाती मला आधी दिसते, पण तोंडावर बोट. पेशंट विचारतो, काय दिसतंय हो? आपण म्हणायचं, फोटो चांगला आलाय. फोटो चांगला येण्याचा आणि आतलं चांगलं असण्याचा काडीचा संबंध नाही, पण माणूस खूश होऊन जातो बिचारा. एकदाच बोललो होतो मी. नवा होतो, जीभ सैल होती. एका मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, म्हटलं साहेब, इथे जरा वेगळं दिसतंय मला. पलीकडून विचारलं, तू कुठल्या कॉलेजातून डॉक्टर झालास रे? बस, एवढंच. ओरडलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी लेखी ताकीद. अजून माझ्या फाइलीत पहिलंच पान ते आहे. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हाला नाक खुपसायला सांगितलं होतं कुणी? तिचंही बरोबर आहे. कुणी सांगितलं होतं?

हां, आला तुमचा. उठू नका, आधी बघू दे. एक, दोन, तीन… मी वरून मोजतो. ज्याची त्याची पद्धत असते. पाठीच्या प्रत्येक मणक्याला बरगड्यांची एक जोडी, अशा बारा जोड्या, म्हणून पाठीचे मणके बारा. त्यांच्या खाली कमरेचे पाच, त्यांना बरगड्या नाहीत. शाळेतल्या पोराला जमेल असं आहे. सात, आठ, नऊ. छर्रा नवव्यावर. कागदावर काय? 'पाठीचा नववा मणका, खूण करून फोटो.' बरोब्बर! मानेखालच्या त्या उंचवट्यापासून बोटांनी चाचपत खाली यायचं आणि पहिल्या फटक्यात नववा गाठायचा, सोपं नाही हे. बाकीचे लोक तीन-तीनदा लावतात, काढतात, पेशंटची कातडी सोलवटून काढतात. माझा बसतो. उद्याचं काम म्हणजे काय, तर मागून शिरायचं, नवव्याची मागची कमान कापून काढायची, आत मज्जारज्जू दाबला गेलाय त्याला ऐसपैस जागा करून द्यायची, वर-खाली स्क्रू, दोन सळ्या, टाके. सांगितलंच असेल तुम्हाला. पाय वाचवण्यासाठी आहे हे सगळं. पाय चालतायत ना अजून? भिंतीला धरून का होईना, आलात ना तुमच्या तुम्ही. मी बघितलं, डावा जरा ओढत होतात. महिन्यानंही असंच चालत यावं, एवढ्यासाठीच तर… हं.

हं. नाही, काही नाही. अजून एक घेऊ. नाही हो, फोटो चांगला आलाय. चांगलाच आलाय. पण एक असू दे हाताशी.

श्वास घ्या. रोखा. रोखा, रोखा — सोडा. हा जरा खालून घेतला. येईपर्यंत गप्पा मारू, तेवढाच तुमचा वेळ जाईल. आमच्याकडे एक टेलरमास्तर आले होते, झाली आता अकरा-बारा वर्षं. तुमच्यासारखंच — दुसरीकडचा आजार, मणक्यात उतरलेला, पाय लटपटायला लागलेले. गमत्या माणूस. याच टेबलावर पडल्या पडल्या माझ्या शिशाच्या एप्रनकडे बघून म्हणाला, खांद्यात उतरतोय तुमचा, बरा होऊन आलो की दोन चिमट्या घेऊन देतो. शिशाच्या एप्रनला चिमट्या! असा माणूस. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी काय करावं? शेजारचा मणका उघडला. चांगला होता तो उघडला, खराब होता तो तसाच राहिला. तीन आठवड्यांत पाय गेले. मागून सगळे सारखेच दिसतात ना — आजार पुढच्या अंगाला असतो, मागची कमान बघून ओळखू येत नाही, वरून रक्त. एवढे शिकलेले डॉक्टर, पण मोजायला चुकले. चौकशी बसली. मलाही बोलावलं, एकच प्रश्न, छर्रा कुठे लावलात? म्हटलं, कागदावर आठवा लिहिला होता, छर्रा आठव्यावर लावला, हा फोटो. संपलं. डॉक्टर सोडून गेले, माझ्या अंगावर शिंतोडा नाही. शिंतोडा असायचं कारणच काय? कागदावर आठवा, छर्रा आठव्यावर. असं कुणीही विचारलं तरी छाती ठोकून सांगेन मी.

आला दुसरा. तुम्हाला एक गंमत सांगतो. समोरून मणक्याचा फोटो कसा दिसतो माहीत आहे? घुबडाच्या तोंडासारखा. दोन बाजूंना दोन गोल डोळे, मधे चोच. एकाच्या डोक्यावर दुसरं, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसरं, अशी रांग लावून बसलेली असतात. माझ्या नातीला एकदा दाखवलं तर ती घरभर घुबडासारखी डोळे वटारून हिंडली. तर चांगल्या मणक्याचे दोन्ही डोळे उघडे असतात. आजार हाडात शिरला की आधी डोळा खातो. एक डोळा मिटतो — डोळा मारल्यासारखा. रांगेत कोण डोळा मारतंय एवढं शोधायचं, की झालं — म्हणजे डॉक्टरांनी शोधायचं, मी नाही. आता हा तुमचा नववा. छर्रा बरोबर याच्या चोचीवर. दोन्ही डोळे उघडे. टकाटका बघतोय माझ्याकडे. आणि त्याच्या खालचा, दहावा, त्याचा डावा —

हलू नका! काय सांगितलं होतं मी? मान खाली. खाली ठेवा मान. काही म्हणालो नाही मी. घुबडाची गंमत सांगत होतो. पोटातल्या वाऱ्यानंसुद्धा असं दिसतं, वारा हाडावर आला की डोळा झाकला जातो, फोटो फसवा असतो, ताई, तेहतीस वर्षं झाली तरी फसवतो. म्हणून तर मी वाचत नाही. कंबरेचा एक घेऊ या, म्हणजे कसं, सगळं पुरं होईल. कंबरेचा कागदावर नाहीये, हो. माझ्या मनानं घेतोय. घ्या श्वास. रोखा — हुंदका नको, हुंदक्यानं हलतं. परत. घ्या. रोखा, रोखा. सोडा.

बाहेर कोण बसलंय तुमच्याबरोबर? भाऊ? तो चौकटीचा शर्ट? मघापासून येरझाऱ्या घालतोय, दारावरचा लाल दिवा लागला की थांबतो, विझला की चालतो. चिडका आहे का? वाटतो तरी. माझाही भाऊ असाच, डोक्यात राख घालून घेणारा. थांबा, बोलू नका, मी एक कागद लिहितोय, तेवढा होऊ दे. ऑफिसचा आहे, तुमचा नाही. तारीख काय आज… हां. सही. झालं.

आलाच हा. एक, दोन, तीन, चार, पाच… सहा.

सहा. परत मोजतो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मघाशी म्हटलं ना कमरेचे पाच असतात? तुम्हाला सहा आहेत. नाही हो, घाबरताय काय, हा आजार नाही. असतात कुणाकुणाला, जन्मतःच. एखाद्या घरात एक काकू जास्त असते, तसं. आयुष्यभर पत्ता लागत नाही, काही अडतही नाही. कुणाला पत्ता लागायचं कारणच काय? फक्त मोजताना… थांबा, बाहेरच येतो तुमच्याजवळ. ऐका, आता मी नीट सांगतो, तुम्हीही नीट ऐका, तुमचंच हाड आहे. तुमचं आधी काढलेलं एमआरआय ज्या मॅडमनी वाचलं ना, त्या खालून मोजतात. त्यांच्यासारख्या पुष्कळ आहेत, चूक नाही त्यात. खालून पाच सोडायचे, की त्याच्या वरचा पाठीचा बारावा. त्यांनी तुमचे पाच सोडले. वर एक अजून कमरेचाच उरला होता, तो त्यांनी बारावा धरला. तिथून सगळं एकानं सरकलं. त्यांचा जो नववा, तो माझा दहावा. आजार तिथे आहे, डोळा मिटलेल्यात. हाड तेच, आकडे दोन. त्यांनी कागदावर लिहिलं नऊ. मी वरून मोजून छर्रा लावला नऊवर. त्यांचंही बरोबर, माझंही बरोबर, आणि छर्रा भलत्याच मणक्यावर. दोघांचं बरोबर असून असं होतं बघा.

उद्याचे डॉक्टर? वरूनच मोजतात. मोजलं तर. पण खरं सांगू का — छर्रा असला की कुणी मोजत नाही. खूण दिसली की माणूस मोजायचं थांबतो. बाहेरच्याला वाटतं आत मोजतील, आतल्याला वाटतं बाहेर मोजलंय. म्हणून तर मी म्हणतो, त्या मास्तरांच्या वेळी डॉक्टरांचं एकट्याचं… नाही, जाऊ दे. काय जाऊ दे? आता तुम्ही माझ्याकडे अशा बघताय तर सांगून टाकतो, तुम्हाला कळलंच आहे. मला दिसलं होतं. आदल्या दिवशी. तेव्हा फिल्म असायची, ओली, चिमट्याला लटकवून दिव्यासमोर धरायची. थेंब गळत होते तिचे आणि मला दिसलं, आठव्याचे दोन्ही डोळे उघडे, आणि नववा डोळा मारतोय. त्यांच्याही कमरेला सहा. पाणी गळेपर्यंत मी ती फिल्म धरून उभा होतो. हात दुखायला लागला. फोन समोरच होता, याच जागी, तेव्हा काळा होता. उचलला. खोटं नाही सांगत, उचलला मी. आणि डोक्यात एकच वाक्य — कुठल्या कॉलेजातून रे? ठेवून दिला. म्हटलं आत मोजतीलच. रात्री जेवलो, झोपलो. झोप लागली, ताई. ते मला अजून लागतं मनाला, की झोप लागली.

चौकशीत कुणी विचारलं नाही, तुला दिसलं होतं का. विचारलं असतं तर सांगितलं असतं. सांगितलं असतं का? काय माहीत. कुठे लावलास एवढंच विचारलं, ते खरं सांगितलं. जे विचारलं नाही ते सांगितलं नाही, त्याला खोटं म्हणतात का? बायको म्हणते, नाही. मोठी मुलगी म्हणते, हो. दोन वर्षं बोलत नव्हती ती माझ्याशी, वेगळं कारण काढलं होतं तिनं, पण मला माहीत आहे. मास्तर एकदा परत आले होते इथे, चाकाच्या खुर्चीतून, छातीचा फोटो काढायला. मांडीवर शाल. शिलाई मशीन विकलं म्हणाले, पायच हलत नाहीत तर काय करायचं ठेवून. मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून काम केलं. समोर आलोच नाही.

तर सरकवायचा का छर्रा? सोपं आहे तसं. चिकटपट्टी काढायची, दोन बोटं खाली लावायची, नवा फोटो, पाच मिनिटांचं काम. पण मग काय होईल बघा. कागदावर नऊ. छर्रा दहावर. मी वाचलंच तर वाचलं कशावरून? मी डॉक्टर का? आणि समजा वाराच असला पोटात. समजा मीच फसलो, आणि माझ्या छऱ्यामुळे त्यांनी दहावा उघडला आणि खराब नववाच निघाला. मग? मग ती चौकशी छऱ्याची नसेल, माझी असेल. म्हणेल कुणीतरी, याला आधीही एकदा ताकीद दिलेली होती. पहिलंच पान. चार महिने राहिलेत माझे, ताई. चार. ज्या दरवाजानं आत आलो त्याच दरवाजानं हार घालून बाहेर जायचं, एवढीच इच्छा आहे.

फोन? नाही, फोन नको. तुमच्या डॉक्टरांना ओळखत नाही तुम्ही. म्हणजे ऑपरेशनला हात सोन्याचा आहे, पण खालच्या माणसानं काही सांगितलं की… आणि आत्ता ते ऑपरेशनमध्येच असणार, फोन सिस्टर उचलतील, सिस्टर विचारतील कोण बोलतंय, मग ते नाव लिहून ठेवतील. लिहूनही नाही देणार मी. लिहिलं की अक्षर आलं.

असं करा. तुम्हीच विचारा. पेशंटनं विचारलं की कुणी कॉलेज विचारत नाही. उद्या सकाळी स्ट्रेचरवरून नेतील, आत गेलात की भूल देणाऱ्या डॉक्टर येतील डोक्याशी, त्यांच्या आधी तुमच्या डॉक्टरांना हाक मारा, आणि म्हणा — माझे मणके वरून मोजलेत का आणि खालूनही मोजलेत का? दोन्हीकडून. एवढंच म्हणा. माझ्या कमरेला सहा आहेत म्हणा. कुणी सांगितलं विचारलं तर… गावाकडे कधीतरी फोटो काढला होता म्हणा, तिथे सांगितलं. सुचेल तुम्हाला. माझं नाव नका घेऊ. भावालाही नका सांगू, तो आत्ता येऊन दार वाजवेल, आरडाओरडा होईल, आणि आरडाओरडा झाला की मी काय म्हणेन सांगू? मी म्हणेन, मी फक्त फोटो काढला. मला माहीत आहे मी काय म्हणेन. म्हणून सांगतोय, नका सांगू. तोंडाला मास्क लावायच्या आधी मात्र विचारा. मास्क लागला की संपलं, मग आवाज फुटत नाही. म्हणून दाखवा बघू. हां… हां. सहा. दोन्हीकडून. बरोबर. थरथरताय काय एवढ्या? टेबल गार आहे, हो. तुम्ही हुशार आहात, लक्षात राहील. मनातल्या मनात म्हणत राहा रात्रभर.

आता उठा. आधी कूस, मग पाय खाली, मग — अहो उठा ना. ताई, बाहेर अजून तीन जण आहेत. अशा पडून राहू नका. हात सोडा माझा. सोडा, लागतंय. काय? काय म्हणालात? हळू बोला… त्या मास्तरांना? त्यांना काय?

सांगितलं होतं.

हो. त्यांनाही सांगितलं होतं. फोन ठेवला ना मी, त्यानंतर त्यांच्या वॉर्डात गेलो होतो, फळांचं निमित्त करून. हेच सांगितलं. वरून मोजा, खालून मोजा, सहा आहेत म्हणा, माझं नाव नका घेऊ. शब्द न् शब्द हाच. त्यांनी म्हणूनही दाखवलं होतं मला, तुमच्यापेक्षा खणखणीत. आणि विचारलंही, ताई. तेच तर. चाकाच्या खुर्चीतून आले होते तेव्हा मी पाठीमागे उभा होतो ना, तर मान न वळवता म्हणाले, मी विचारलं होतं बरं का. डॉक्टर अजून हात धुवत होते, म्हणून भूल देणाऱ्या बाईंनाच विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, हो काका, सगळं मोजलंय, आता तुम्ही मोजा, शंभरपासून उलटे. मास्तर सत्त्याण्णवपर्यंत पोचले होते.

म्हणून म्हणतो तुम्ही डॉक्टरांनाच विचारा. बाईंना नको. आणि हसले तर परत विचारा. आणि… आणि काय सांगू मी? तेवढंच आहे माझ्याकडे.

उद्या? उद्या कशाला मी तिथे… आमची खोली ही, ऑपरेशनच्या खोलीत आमचं काय काम? बोलावतात कधीकधी, हो, आत फोटो लागला तर बोलावतात. उद्याही बोलावतील कदाचित. पण उद्या मी नाहीये, ताई. रजा टाकलीय. कधी म्हणजे — आत्ताच. मघाशी तो कागद लिहिला ना, तुम्ही पडून होतात तेव्हा, तोच. कारण पाठदुखी लिहिलंय, पहिलं जे सुचलं ते.

चला, या. पायरी सांभाळून. चपला तिथे आहेत. पट्टी ओली करू नका. — चौकटीचा शर्ट, अहो दादा, या, यांना धरा. झालं, हो. फोटो चांगला आलाय. पुढचं कोण आहे?